आतड्यातले विषाणू आणि नजरेआड केलेले रक्त

नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना पावसाळा सरला की आमचे एक प्रात्यक्षिक ठरलेले असे. विद्यार्थी नासर्डी नदीच्या पुलाखालून बाटलीभर पाणी आणत आणि ते इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून घेत की जिवाणू वर अडकावेत आणि त्यांच्याहून लहान असेल तेवढेच खाली उतरावे. हे गाळलेले, दिसायला स्वच्छ पाणी ई. कोलाय जिवाणूंत मिसळून पातळ अगारसह, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसह, काचेच्या बशीत ओतायचे आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बशीवर जिवाणूंचा दुधट थर धरलेला असे आणि त्या थरात टाचणीच्या डोक्याएवढी, काचेसारखी आरपार भोके पडलेली असत. प्रत्येक भोकाच्या जागी एका विषाणूने एका जिवाणूपासून सुरुवात करून रात्रीतून आजूबाजूची सगळी वस्ती फस्त केलेली असे. ‘सर, हे आपल्या पोटातही असतात का?’ असे दरवर्षी कोणीतरी विचारी, आणि ‘असतात, नदीपेक्षा जास्तच’ एवढे सांगून मी पुढच्या टेबलाकडे वळे.

आज तो प्रश्न इतक्यावर सोडता येत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात विषाणूंचा हात असावा, अशा अर्थाच्या बातम्या गेली काही वर्षे अधूनमधून येत आहेत. मूळ संशोधन जपून लिहिलेले असते, पण मोबाईलवर पोहोचेपर्यंत त्याचे ‘विषाणूमुळे आतड्याचा कॅन्सर’ असे होऊन जाते. हे संशोधन खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. उलट ते अतिशय गंभीरपणे घेण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की, हाती आलेला पुरावा तूर्त विषाणूला रोगाची खूण ठरवू शकतो, रोगाचे कारण ठरवू शकत नाही. आणि खुणेच्याच गोष्टी करायच्या तर या रोगाची एक ढळढळीत खूण आपल्याकडे रोज डोळ्यांसमोर असते, ती म्हणजे शौचावाटे जाणारे रक्त. तिची जी वासलात आपण लावतो, ती पाहता नव्या खुणेचे आपण काय करू याची मला काळजी वाटते.

विषाणूमुळे कर्करोग होतो ही कल्पना नवी नाही. पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीतील गाठ पेशीविरहित गाळलेल्या द्रवातून दुसऱ्या कोंबडीत उतरते हे दाखवले, आणि त्यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली. पंचावन्न वर्षे वाट पाहायला माणूस मुळात दीर्घायुषी असावा लागतो. त्यानंतर हिपॅटायटिस बी आणि यकृताचा कर्करोग, एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग, एपस्टाइन-बार विषाणू आणि काही लसिकाग्रंथींचे कर्करोग अशी नाती एकामागून एक सिद्ध झाली. जगातील २०१८ सालच्या नव्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के कोणत्या ना कोणत्या संसर्गामुळे झाले, असा अंदाज आहे. तेव्हा आतड्याच्या बाबतीतही कोणी विषाणूचा माग काढला तर त्यात नवल नाही. २०२२ साली जगात सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा मलाशयाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. एवढ्या मोठ्या रोगामागे एखादा विषाणू सापडला असता तर लस करता आली असती, आणि पुण्यात तयार झालेली एचपीव्हीची लस २०२३ पासून मिळू लागल्यावर ‘लस म्हणजे काय करू शकते’ हे महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागत नाही.

माणसाच्या पेशीत शिरणाऱ्या विषाणूंचा शोध बराच झाला आहे. १९९९ साली जेसी नावाच्या विषाणूचे अंश आतड्याच्या गाठींत सापडल्याचे प्रसिद्ध झाले. काही प्रयोगशाळांना ते पुन्हा सापडले, काहींना सापडले नाहीत. सायटोमेगॅलो विषाणूची कथा थोड्याफार फरकाने तीच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. तिथे जवळजवळ प्रत्येक गाठीत एचपीव्ही असतो, तो बहुतेकदा पेशीच्या जनुकांत घुसलेला असतो, आणि त्याची दोन प्रथिने पेशीचे लगाम कसे तोडतात हे पायरीपायरीने माहीत आहे. आतड्याच्या गाठींचे जनुकीय वाचन मोठ्या प्रमाणावर झाले, तेव्हा असा नेमाने आढळणारा एकही विषाणू हाती लागला नाही. नसल्याचा पुरावा देणे अवघड असते हे खरे, पण घर इतके धुंडाळल्यावर चोर माळ्यावर असेल असे म्हणत राहण्यालाही मर्यादा आहे.

या वाटेवरचा सर्वांत धाडसी तर्क मांडला तो एचपीव्हीसाठी २००८ चे नोबेल मिळवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीच. गोमांस खाणाऱ्या देशांत हा कर्करोग जास्त आणि भारतासारख्या देशांत कमी, याकडे बोट दाखवून त्यांनी २०१२ साली असे सुचवले की युरोपीय वंशाच्या गायींच्या मांसातून काही संसर्गजन्य घटक माणसात येत असावेत. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायींच्या रक्तात, मांसात आणि दुधातही वर्तुळाकार डीएनएचे लहान तुकडे दाखवले. आपल्याकडे या तर्काचा उपयोग कोणत्या बाजूने केला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. पण मांसाचा उल्लेख ऐकून ज्यांना आनंद होईल, त्यांनी दुधाचा उल्लेखही वाचावा; आपल्या डेअऱ्यांना दूध घालणाऱ्या गायींत युरोपीय संकराच्या गायी किती आहेत, हे निफाड-सिन्नरकडच्या कोणाही दूधउत्पादकाला विचारावे. जर्मनीच्याच जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ साली हा पुरावा कारण ठरवण्यास अपुरा असल्याचे म्हटले आणि मला ते योग्य वाटते. त्सुर हाउझेन २०२३ साली वारले. एचपीव्हीच्या वेळी जग चूक आणि ते बरोबर होते, म्हणून या वेळीही तसेच असेल असे मानणे म्हणजे तर्काऐवजी माणसावर श्रद्धा ठेवणे होय.

खरी रंगत आहे ती दुसऱ्या जातीच्या विषाणूंत, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्या बशीत भोके पाडणाऱ्या जिवाणूभक्षक विषाणूंत, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे फेज म्हणतात. हे माणसाच्या पेशीला हात लावत नाहीत. त्यांचे सगळे वैर आणि सगळी सोयरीक जिवाणूंशी. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो असे नोंदवले. त्यामागे फेज असावेत असे पुढे मानले गेले, आणि फेजचा रीतसर शोध ट्वॉर्ट यांनी १९१५ साली व देरेल यांनी १९१७ साली लावला. (सिंहस्थ जवळ आला की ही हँकिनची गोष्ट गोदावरीच्या नावावर फिरू लागते. त्या फेजना मलमिश्रित पाण्यात जिवाणू भरपूर मिळतात म्हणून ते तिथे सुखाने नांदतात, हा भाग निरोपात गाळलेला असतो.) माणसाच्या एका ग्रॅम मलात विषाणूंचे अब्जावधी कण असतात आणि त्यांतले बहुसंख्य फेजच असतात. त्यांतला क्रॅसफेज नावाचा एक तर जगभर अर्ध्याअधिक माणसांत असूनही २०१४ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हता.

फेज दोन तऱ्हांनी वागतात. काही जिवाणूत शिरून त्याचा फडशा पाडतात. काही मात्र घरजावयासारखे त्याच्या जनुकांतच मुक्काम ठोकतात आणि जिवाणू वाढला की त्याच्याबरोबर वाढतात. हे घरजावई रिकाम्या हाताने येत नाहीत. घटसर्पाचे विष तयार करणारे जनुक मूळ जिवाणूचे नाही, ते फेजने आणलेले असते, हे १९५१ पासून माहीत आहे. पटकीच्या विषाचीही गत तीच असल्याचे १९९६ साली सिद्ध झाले. म्हणजे ज्या पटकीने या देशात गावेच्या गावे ओस पाडली, तिच्यातला मारक भाग एका विषाणूने जिवाणूच्या पदरात टाकलेला होता. निरुपद्रवी जिवाणूला विषाणू घातक बनवू शकतो, ही म्हणूनच कल्पनेची भरारी नाही.

आतड्याच्या कर्करोगाबाबतचा नवा तर्क याच जागी उभा आहे. २०१८ साली अमेरिकेत आणि हाँगकाँगमध्ये झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत असे दिसले की रुग्णांच्या मलातील विषाणूंची जमवाजमव निरोगी माणसांपेक्षा वेगळी असते, आणि हा वेगळेपणा मुख्यतः फेजमध्ये असतो. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस नावाच्या जिवाणूचा या कर्करोगाशी संबंध फार दिवसांपासून जोडला जातो; अडचण एवढीच की तो धडधाकट माणसाच्या आतड्यातही असतो. डेन्मार्कमधील ओडेन्सच्या संशोधकांनी अलीकडे त्या जिवाणूच्या पोटात डोकावून पाहिले, तेव्हा कर्करोगाच्या रुग्णांकडील जिवाणूंत विशिष्ट घरजावई फेज अधिक वेळा आढळले. जिवाणू तोच, पण आतला पाहुणा वेगळा. हे उत्तर देखणे आहे, आणि देखण्या उत्तरापाशीच अधिक सावध राहावे लागते.

कारण असे की आतड्यात गाठ वाढू लागली की तिथले सगळेच पालटते. रक्त पाझरते, शेवाळलेल्या थरासारखी जिवाणूंची वस्ती गाठीवर धरते, प्राणवायूचे प्रमाण बदलते, पचनाचा वेग बदलतो. या बदलांत काही जिवाणू फोफावतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे फेज. मग रुग्णात फेज जास्त सापडले, याचा अर्थ फेजमुळे गाठ झाली असा होईल, किंवा गाठीमुळे फेज वाढले असा होईल, किंवा तिसऱ्याच एखाद्या गोष्टीमुळे, म्हणजे आहारामुळे किंवा लहानपणी घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे, दोन्ही झाले असाही होईल. रोग झाल्यानंतर घेतलेल्या नमुन्यांवरून यांतले कोणते खरे ते कळत नाही. जिवाणूंच्या बाबतीत एक पाऊल पुढे पडले आहे, ते ई. कोलायच्या काही वाणांच्या कोलिबॅक्टिन या विषामुळे. हे विष पेशीच्या डीएनएवर विशिष्ट ओरखडे उमटवते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ११ देशांतील ९८१ गाठींच्या अभ्यासात ते ओरखडे सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतील रुग्णांत ३.३ पट अधिक आढळले. असा ओरखडा म्हणजे जागेवर मिळालेला बोटाचा ठसा. फेजचा असा ठसा अजून कोणाला मिळालेला नाही.

मात्र कारण नसलेली खूणही कामाची असते. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस, जुन्या नावाने बोव्हिस, हा जिवाणू एखाद्याच्या रक्तात किंवा हृदयाच्या झडपेवर सापडला, तर त्याच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी, हे १९७०च्या दशकापासून डॉक्टरांना शिकवले जाते. तो कर्करोग घडवतो की गाठीच्या फटीतून रक्तात शिरतो, यावर आजही वाद आहे. वाद मिटण्याची वाट न पाहता दुर्बीण घातली जाते आणि माणसे वाचतात. उद्या मलातील फेजवरून गाठ लवकर ओळखता आली, तर तिचेही असेच स्वागत करावे.

आणि इथेच मला माझ्या मावसभावाकडे यावे लागते. तो निफाड तालुक्यात द्राक्षे करतो. छेचाळिसाव्या वर्षी त्याला शौचावाटे रक्त जाऊ लागले. ‘ट्रॅक्टरवर बसून बसून उष्णता झाली’ हे पहिले निदान त्याचे स्वतःचे. मग तिखट बंद, ताक सुरू, रात्री इसबगोल. पुढे एका डॉक्टरने मूळव्याधीचे मलम दिले, दुसऱ्याने गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी, जिथे बाहेर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन’ असा फलक होता, तिथे पाच हजार रुपयांत पुड्या मिळाल्या. अकरा महिने गेले. शेवटी वजन उतरले तेव्हा दुर्बीण झाली, आणि गाठ निघाली ती गुदद्वारापासून सात सेंटीमीटरवर. हातमोजा घालून बोटाने तपासले असते तर ती पहिल्याच दिवशी लागली असती. त्या तिघांपैकी एकानेही तपासले नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्यानेही तपासू दिले असते की नाही, मला खात्री नाही. ‘दादा, तिथं कोण दाखवतं?’ असे तो मला नंतर म्हणाला होता.

शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, तो आज बागेत उभा आहे. पण केमोच्या दिवसांत कोणीतरी त्यांच्या घरच्या गटावर ती विषाणूची बातमी टाकली. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मावशीने त्याचे ताट, वाटी, तांब्या फडताळात वेगळ्या खणात ठेवला होता. नातवंडांसाठी, असे तिचे म्हणणे. मोठ्या आतड्याचा कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो असे दाखवणारा काहीही पुरावा नाही, ज्या फेजविषयी बोलले जाते ते माणसाच्या पेशीला शिवतही नाहीत, हे मी तिला बराच वेळ समजावले. तिने ऐकून घेतले. ताट महिनाभर वेगळेच राहिले. कोरोनानंतर ‘विषाणू’ हा शब्द आपल्या घरांत कशाचा अर्थ घेऊन शिरतो, याचे भान बातमी लिहिणाऱ्याने ठेवायला हवे. ‘जिवाणूतील विषाणू’ आणि ‘रुग्णांत अधिक आढळला’ हे शब्द शीर्षकात बसत नसतील, तर शीर्षक लांबवावे.

भीतीच्या मागोमाग दुकान येतेच. मलाचा नमुना पाठवा, आतड्यातील सूक्ष्मजीवांचा रंगीत अहवाल घ्या, असे सांगणाऱ्या खासगी तपासण्या हजारो रुपयांना विकल्या जात आहेत. त्या अहवालातून कोणाचा कर्करोग टळला किंवा सापडला, असे म्हणण्यास आज आधार नाही. त्याउलट मलातील न दिसणारे रक्त ओळखणारी साधी तपासणी काहीशे रुपयांत होते. गाठ होण्याआधीचे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे कोंब, साधारण दहा वर्षे घेत वाढतात आणि दुर्बिणीतूनच काढून टाकता येतात, म्हणजे इथे रोग होण्याआधीच रोखण्याची सोय आहे. फार थोड्या कर्करोगांत ती असते.

मग सरकारने सगळ्यांचीच तपासणी करावी का? मला तसे वाटत नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याची नाही, आणि रोगाचे आपल्याकडील प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने बरेच कमी असताना अमेरिकेप्रमाणे पंचेचाळिशीपासून तपासणी ठेवून प्रत्येकाला दुर्बीण लावणे परवडणारही नाही आणि पुरेसे हातही नाहीत. पण ज्याला रक्त जाते आहे, त्याला तपासणे म्हणजे सरसकट निरोगी माणसांना चाळणी लावणे नव्हे, तो आजारी माणूस आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाची बोटाने तपासणी झाल्याची नोंद केसपेपरवर असलीच पाहिजे, आणि चाळिशीपुढे रक्तस्राव महिनाभरात थांबला नाही तर दुर्बिणीसाठी जिल्हा रुग्णालयात चिठ्ठी गेलीच पाहिजे, एवढा नियम करायला कोणत्याही विषाणूची परवानगी लागत नाही. फलक लावून पुड्या विकणाऱ्यांवर काय करायचे, हे सांगायला तर कायदा आधीपासूनच आहे.

संशोधनाकडे पुन्हा येतो, कारण ते मला दुय्यम वाटत नाही. डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने युगांडात मुलांच्या जबड्याच्या गाठींचे वर्णन १९५८ साली केले, त्या गाठी कुठे होतात हे पाहण्यासाठी जुन्या मोटारीतून दहा हजार मैल प्रवास केला, आणि त्या गाठींतूनच १९६४ साली एपस्टाइन-बार विषाणू सापडला. याच बर्किटने १९७१ साली मांडले की आफ्रिकेतल्या खेड्यांत आतड्याचा कर्करोग विरळा आहे, त्याचे कारण चोथायुक्त आहार असावा. विषाणू आणि आहार ही आज भांडणारी दोन कारणे एकाच माणसाच्या वहीत शेजारी शेजारी होती. त्याचा चोथ्याचा सिद्धांत पुढच्या चाचण्यांत पूर्णपणे टिकला नाही, पूर्णपणे पडलाही नाही, आणि आता वाटते की चोथा, जिवाणू आणि जिवाणूंतील विषाणू यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागेल.

असा हिशेब मांडायला नाशिक जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. सुरगाणा-पेठकडे अजून नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि रानभाजी आहे. तिथून पन्नास ते नव्वद किलोमीटरवर शहरात पाव, वेफर्स आणि रात्री अकराला येणारे पार्सल आहे. आणि त्याच सुरगाण्याची तरुण मुले द्राक्षबागांत, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत येऊन दोन-चार वर्षांत एका आहारातून दुसऱ्या आहारात जातात. या माणसांच्या मलाचे नमुने आज, ती निरोगी असताना, घेऊन ठेवले आणि पुढली वीस वर्षे त्यांची विचारपूस केली, तर फेज आधी बदलले की गाठ आधी झाली याचे उत्तर मिळेल. हे उत्तर ओडेन्सचे नमुने आपल्यासाठी देणार नाहीत, कारण आतड्यातील फेज माणसागणिक आणि मुलुखागणिक वेगळे असतात. ग्रामीण भागात कर्करोगाची चिकाटीने नोंद ठेवता येते हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या कर्करोग नोंदणीने १९८७ पासून दाखवले आहे, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय तर १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. लागणार आहेत ते उणे ८० अंशांचे काही फ्रीझर, त्यांना अखंड वीज, आणि वीस वर्षे बदली न होणारा एक माणूस. यांतले शेवटचे मिळणे सर्वांत कठीण, हे मी सरकारी महाविद्यालयांतल्या मित्रांकडे पाहून सांगतो.

मावसभावाचा धाकटा भाऊ एकेचाळीस वर्षांचा आहे. सख्ख्या नात्यात हा कर्करोग झाला असेल तर चाळिशीला, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे अगोदर येईल तेव्हा दुर्बीण करून घ्यायची असते. त्या हिशेबाने त्याची वेळ पाच वर्षांपूर्वीच होऊन गेली. मी त्याला फोन केला तेव्हा त्याने आधी विषाणूचेच विचारले, रक्ताची तपासणी करून तो कळतो का म्हणून. मग म्हणाला, ‘दादा, ऑक्टोबरची छाटणी उरकू द्या, लगेच येतो.’ छाटणीनंतर डिपिंग, त्यानंतर थिनिंग, मग माल काढणी, हे मलाही ठाऊक आहे. मी त्याला सप्टेंबरमधला मंगळवार दिला आहे आणि आदल्या दिवशी संध्याकाळी प्यायच्या औषधाची बाटली वहिनींच्या हाती पाठवली आहे.